परक्या बैलाचं पाणी

वैशाखातली दुपार. अंगणातल्या खुंट्याला माणिकरावाचा बैल कालपासून बांधलेला होता, आणि ओसरीवर शालिग्राम आंतरराष्ट्रीय कायद्याचं एकच पान तिसऱ्यांदा वाचत होता. परीक्षा दहा दिवसांवर आलेली. पण डोक्यात काही शिरेल तर शपथ!

बैलानं पाप केलं होतं, ते खरंच. शालिग्रामच्या बापाच्या, उकंडरावांच्या वांग्यात शिरून त्यानं चार सऱ्या भुईसपाट केल्या होत्या. जानेफळच्या कोंडवाड्यात नेला असता, तर तिथं कुणी पाणी तरी पाजलं असतं. पण उकंडरावांना माणिकराव स्वतः दारात यायला हवा होता, मान खाली घालून. नाक दाबलं की तोंड उघडतं, एवढाच त्यांचा कायदा. "जनावर त्याचं, तहानही त्याची. कोनी बादली उचलली तं हात तोडीन," असं त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं. माणिकरावही काही कमी नव्हता. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा गडी. तो आलाच नाही.

सकाळपर्यंत बैल हंबरत होता. आता त्याची जीभ बाहेर आली होती आणि आवाज बंद झाला होता.

शालिग्रामला बैलाची दया येत होती आणि स्वतःची लाज वाटत होती. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होता म्हणे, पण बापासमोर तोंडातून शब्द फुटत नसे.

त्याची भावजय गोजरबाई सुपातली ज्वारी निवडता निवडता थांबली. "भाऊजी, तुमच्या पुस्तकात लढाईत धरलेल्या मानसाचं काही लिवलं हाये का?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर पान उलटत नव्हतं. तिचा नवरा, शालिग्रामचा थोरला भाऊ निवृत्ती, डिसेंबरातल्या पाकिस्तानच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर होता. तारेत 'बेपत्ता' एवढंच आलं. मग त्याच्या पलटणीतल्या एकानं चिठ्ठी लिहिली, की निवृत्तीला धरून नेताना मी पाहिलं. त्याला पाच महिने झाले. जिवंत आहे की गेला, कुणीच सांगत नव्हतं. गोजरबाई रोज कुंकू लावत होती ते त्या एका चिठ्ठीच्या भरवशावर.

"हाये," तो म्हणाला. "त्याले मारायचं नाही. खायाप्यायाले द्यायचं, दवापानी करायचं. आन् धरला म्हनून त्याच्या घरी कळवायचं."

"आन् नाही केलं तं? कोन विचारते त्याइले? वर फौजदार हाये का कोनी?"

पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हेच विचारलं होतं: ज्याच्यामागे पोलीस नाही, तो कायदा कसला? उत्तर त्याला पाठ होतं. परीक्षकासमोर ते खपलं असतं, या बाईसमोर नाही.

"फौजदार नाही," तो म्हणाला. "पन त्याइचे नव्वद हजार मानसं आपल्याकडे हायेत. आपन त्याइले नीट ठेवलं, तं थे आपल्यावाल्याइले नीट ठेवतीन. एकानं पाळलं म्हनून दुसऱ्यानं पाळायचं. बहुतेक पाळतात."

"बहुतेक," ती म्हणाली.

"हाव."

"मंग कोनाले तरी पयले पाळावं लागत असंल."

तिनं सूप बाजूला ठेवलं. विहिरीनं तळ गाठला होता, रांजणात घरापुरतंच पाणी होतं. त्यातली बादली भरून ती अंगणात उतरली. गोठ्याच्या दारात उकंडराव काठी घेऊन बसले होते.

ते उठले. "ठेव थे बादली."

तिनं पदर पुढे ओढला. लग्नाला सहा वर्षं झाली, सासऱ्याला ती कधी उलट बोलली नव्हती. आताही ती बोलली ती जमिनीकडे पाहून. "मामाजी, तिकडंही कोनी असंच काठी घेऊन बसलं असंल. एखाद्या बाईनं तुमच्या लेकासाठी बादली उचलली, तं तिलेही असंच ठेवाले लावतीन का?"

काठी वर गेली.

पुस्तक मांडीवरून कधी पडलं, शालिग्रामला कळलं नाही. तो दोघांच्या मधे उभा होता. "बाबा, मारायचं तं मले मारा," एवढंच त्याला बोलता आलं.

काठी तशीच वर राहिली. उकंडराव पोराकडे पाहत नव्हते, सुनेकडेही नाही. ते बैलाकडे पाहत होते. त्याच्या डोळ्यांवर माश्या बसल्या होत्या आणि कान हलवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"सरक," ते म्हणाले.

शालिग्राम हलला नाही. मग म्हाताऱ्यानंच त्याला कोपरानं ढकललं, सुनेच्या हातची बादली घेतली आणि बैलापुढे ठेवली. पहिल्या घोटाला बैलाला ठसका लागला. नंतर तो घटाघटा प्यायला. तळ दिसेपर्यंत उकंडराव कडी धरून वाकलेले होते.

"मघाशी काय सांगत होता तू तिले?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "धरला म्हनून घरी कळवायचं?"

"हाव, बाबा."

उकंडरावांनी काठी भिंतीला टेकवली.

"मंग उभा काऊन हायेस बे? जा, मानिकरावाच्या घरी सांगून ये. बैल जिता हाये म्हनावं, पानी पेला म्हनावं. कालपासून वाट पाहत असतीन थे."