सात महिन्यांचं छान

माझ्या नवऱ्याने सात महिन्यांत माझ्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलं नाही, आणि त्या काळजीने मी खंगत चालले होते.

हे वाचून जिला हसू येईल तिने आमच्या घरी आठवडाभर राहून पाहावं. आमचे हे बिअरच्या कारखान्यात चाखणारे. पिणारे नव्हे, चाखणारे. हा फरक माहेरच्यांना समजावता समजावता माझे केस पिकले. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक पांढरीशुभ्र खोली आहे, तिथे सहा खुर्च्या. रोज सकाळी दहा वाजता सहा माणसं तिथे बसतात, प्रत्येक टाकीतला घोटभर नमुना नाकाशी धरतात, जिभेवर घोळवतात आणि माल बाहेर जाऊ द्यायचा की नाही ते ठरवतात. त्यातही स्टाउट ही यांची खासियत. जव पार काळं होईपर्यंत भाजून केलेली ती काळी बिअर. भाजणी चार मिनिटं इकडची तिकडे झाली तरी यांच्या कपाळावर आठी चढायची.

असं नाक रोज संध्याकाळी घरी येतं तेव्हा संसार सोपा नसतो. सव्वीस वर्षं आमच्याकडे वासाचा साबण नाही. शेजारीण अत्तर लावून आली की हे गच्चीत. जेवायला बसले की, "लसूण जरा जास्त परतलास," "हे तेल नवीन बाटलीतलं दिसतंय," "भाताच्या पातेल्यात आधी दूध तापवलं होतंस का?" मी पडदे शिवणारी बाई. दिवसभर मशीनवर पाठ मोडून घ्यायची आणि वर हे ऐकायचं! शेवटी मी चाखणंच सोडून दिलं. पातेल्यात चमचा बुडवायचा, यांच्या तोंडापुढे धरायचा, आणि हे म्हणतील तेवढं मीठ घालायचं. माझी जीभ मी फक्त बोलण्यासाठी ठेवली, आणि त्या कामात तिने कधी हयगय केली नाही.

मग यांच्या घशात गाठ निघाली.

ते दिवस मी इथे उगाळत बसणार नाही. ऑपरेशन झालं, मग किरणांचे तेहेतीस शेक. तेहेतिसांपैकी एकही दिवस न चुकता माझी नणंद आपलं काम बाजूला ठेवून गाडी घेऊन दारात उभी राहिली. यांच्या शेजारच्या खुर्चीवरचा लांब्या दर रविवारी यायचा आणि बिछान्याजवळ बसून कारखान्यातल्या चुगल्या सांगायचा. आणि त्या पाच जणांनी सहावी खुर्ची कुणाला बसू दिली नाही. अशी माणसं मागून मिळत नाहीत. गाठ गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिवाचं भय टळलं. चवीचं मात्र सांगता येत नाही. कुणाची पूर्ण परत येते, कुणाची अर्धी, कुणाची येतच नाही."

मी म्हटलं, माणूस आला, भरून पावले. खरंच पावले. पण घरी आल्यावर यांनी 'छान' सुरू केलं.

पातळ सूप, छान. गाळलेली पेज, छान. दूध, छान. तोंडाला लाळ सुटत नव्हती, कोरडं काही घशाखाली उतरत नव्हतं, म्हणून मी दिवसातून सहा वेळा काही ना काही मऊ करून वाटी पुढे धरायचे. वाटी रिकामी व्हायची आणि तेच ते: छान. एकदा नणंद जेवायला होती. पहिला घास घेऊन ती माझ्याकडे बघायला लागली. "वहिनी, मीठ?" मी घासभर भात चाखला. मिठाचा कणही नाही. यांनी तो निम्मा संपवला होता आणि छान म्हणूनही झालं होतं.

त्या दिवशी कळलं, यांना काही लागत नव्हतं. हे माझं मन राखत होते. राग तर असा आला, पण आजारी माणसावर काढायचा कसा? पातेली आदळली, दुसरं काय.

मागच्या आठवड्यात कारखान्याच्या साहेबांनी यांना बोलावून घेतलं. फार भल्या शब्दांत सांगितलं, की खुर्ची सात महिने राखली, आता आणखी राखता येत नाही. सोमवारी सकाळी दहाला या, चाखून बघा. जमलं तर खुर्ची तुमचीच. नाहीतर गोदामात जागा आहे, तीही मानाची.

घरी येऊन हे म्हणाले, "मी गोदामच घेतो."

"अहो, चाखून तर बघा आधी!"

"नको."

"घरी बघा. लांब्याला एक बाटली आणायला सांगते."

यांनी पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "जिभेवर ठेवली आणि पाण्यासारखी लागली तर? आत्ता निदान 'कदाचित' असं म्हणता येतं. ते पण जाईल."

हा माणूस सव्वीस वर्षं लोकांच्या बिअरला तोंडावर नापास करत आला, आणि आता एका घोटाला घाबरत होता. मला रडू आलं. मी ते शिवणाच्या खोलीत जाऊन उरकून आले.

युक्ती नणंदेची. ती म्हणाली, "वहिनी, घोट नको तर घास देऊ. स्टाउट घालून चॉकलेटचा केक करतात. चांगला ओलसर राहतो, दादाच्या घशाला टोचणार नाही. आणि केक म्हणजे काही परीक्षा नव्हे. आला वास तर आला."

शनिवारी लांब्या चार बाटल्या घेऊन आला. रविवारी सकाळी मी ओटा मोकळा केला.

दोन पेले स्टाउट मोजायची तर आधी तिचा फेस खाली बसू द्यावा लागतो, नाहीतर पेला भरलेला दिसतो आणि आत निम्मी हवा असते. हे मला लांब्याने फोनवरून तीनदा बजावलं. ती काळी बिअर आणि तेवढंच लोणी मंद आचेवर ठेवलं, लोणी विरघळल्यावर कोको चाळून घातला आणि गुठळ्या मोडेपर्यंत घोटला. दुसऱ्या भांड्यात अंडी आणि आंबट साय फेटली. मैदा, साखर, सोडा आणि मीठ. मीठ तर मी दोनदा तपासलं! सगळं एकत्र केल्यावर सोड्यामुळे पीठ असं फसफसलं की मी मागे सरले. ओव्हनपाशी उभं राहून माझं नाक सरावलं होतं, पण घरभर भाजल्याचा, कडवट गोड वास पसरला असणार, कारण नणंद दारातूनच "अहाहा" करत आली. हे मात्र खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. पान एकदाही उलटलं नव्हतं.

दोन उंच केक निघाले. त्यांचे थर सुरीने कापायला गेलं की वाकडे होतात, पण मी शिवणारी. पडद्याला वापरते तो जाड दोरा घेतला, केकभोवती गुंडाळला, टोकं एकमेकांवरून नेली आणि ओढली. दोनाचे चार थर, पट्टीने आखावेत तसे. मधे मधे लोणी-साखरेचं आयसिंग, वर त्याचाच पांढरा जाड थर, स्टाउटच्या पेल्यावर फेस असतो तसा. दिसायला असा देखणा झाला की मला माझाच हेवा वाटला.

चार वाजता लांब्या आला. मी चार बशा भरल्या.

लांब्याने मोठा घास घेतला, जरा थांबला आणि म्हणाला, "वा वहिनी. छान."

नणंदही म्हणाली, "छान झालाय हं." पण पाण्याचा पेला तिने जरा घाईनेच उचलला.

यांनी बशी आधी नाकाशी नेली. सात महिन्यांत मी ते पाहिलं नव्हतं. मग छोटा तुकडा तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. मी साडीचा पदर पिळत उभी. लांब्या यांच्या गळ्याकडे बघत होता, नणंद माझ्याकडे. घास उतरला. आता हे म्हणणार, मला माहीत होतं, आता हे छान म्हणणार आणि उद्या गोदामाच्या किल्ल्या घेणार.

यांनी डोळे उघडले. कपाळावर आठी होती.

"लोण्याजवळ काय ठेवलं होतंस?"

"म्हणजे?"

"वरच्या पांढऱ्याला कांद्याचा वास मारतोय."

मग लांब्याने बशी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, माफ करा, पण मारतोय हो! मला वाटलं, तुमची इतकी मेहनत, कसं सांगायचं!"

"मलाही आला," नणंद पुटपुटली.

मी धावत जाऊन फ्रीज उघडला. खालच्या फळीवर अर्धा कापलेला कांदा, उघडाच. त्याला खेटून लोण्याचं पाकीट, तेही उघडं. केकात मी नवीन पाकीट वापरलं होतं, आयसिंगला हे. सव्वीस वर्षं आमच्या फ्रीजमध्ये झाकण नसलेली वाटीसुद्धा गेली नव्हती. नाकासमोर कोण टिकणार! या सात महिन्यांत ते नाक गप्प होतं आणि मी मोकाट सुटले होते. आणि आयसिंग चाखायचं म्हणाल, तर मी कधी चाखते?

बाहेर आले तर हे चमच्याने पांढरं सगळं खरवडून बाजूला करत होते. खालचा काळा केक यांनी खाल्ला, पुन्हा खाल्ला, आणि लांब्याकडे वळले.

"ही कुठल्या टाकीतली?"

"चार नंबर."

"जव जास्त भाजलंय. मागे राखेसारखं राहतं. पास कुणी केली?"

"आम्ही पाच जणांनी," लांब्या म्हणाला. "आम्हाला काहीतरी वाटत होतं रे. पण कुणाला ठामपणे सांगता येईना."

"तुम्ही पाच जण तिथे झोपा काढता का?"

"ये ना मग उद्या!" एवढा ताडमाड माणूस, बाहीने डोळे पुसायला लागला. "ये आणि शिव्या घाल. सात महिने कुणी घातल्या नाहीत."

नणंद दादाच्या गळ्यात पडली. मला मात्र, खोटं कशाला सांगू, आधी संतापच आला. सात महिने पोटात दाबून ठेवलेला एकदम वर आला.

"आणि मला? मला सात महिने छान छान म्हणून फसवलंत! बिनमिठाचा भात छान? करपलेली खीर छान? मी काय लहान मूल आहे?"

यांनी चमचा बशीत ठेवला. "पहिले पाच महिने काहीच लागत नव्हतं," म्हणाले. "मग एक दिवस कडू लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. विश्वास बसेना. गोड अजून नीट कळत नाही, हा केक किती गोड आहे ते मला विचारू नकोस."

"मग छान का म्हणत होतात?"

"तू दिवसातून सहा वेळा वाटी घेऊन समोर उभी राहायचीस. शिवण अर्धवट टाकून. मला ती वाटी पुढे आलेली दिसत होती, तेवढंच मला कळत होतं." ते थांबले. इतकं लांब बोलायची यांच्या घशाला अजून सवय नाही. "चवीचं कोण बोलत होतं? मी तुला म्हणत होतो."

सव्वीस वर्षांत या माणसाने मला उद्देशून हा शब्द वापरला नव्हता, आणि वापरला तेव्हा मी पातेली आदळत होते. मी खाली बसले आणि लांब्यासमोर, नणंदेसमोर, ढसाढसा रडले. डॉक्टरीणबाईंची, गाडीची, त्या रिकाम्या खुर्चीची, सगळ्यांची आठवण एकदम आली. कुणाकुणाचे उपकार मोजायचे?

रडून झाल्यावर मी नाक पुसलं. "उद्या किती वाजता निघायचंय?"

"साडेनऊला," हे म्हणाले, आणि बशी पुढे केली. "अजून एक दे. खालचा थर. आणि वरचं ते पांढरं आधी घराबाहेर काढ."