सोमवारची वलणी

पोर्टार्डीत बातम्या घडत नाहीत असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी एकदा सकाळी माझ्या दुकानात येऊन उभं राहावं. पेपर, दूध आणि पुदिन्याच्या गोळ्या घ्यायला येणारा प्रत्येक माणूस सुट्ट्या पैशांबरोबर एक तक्रारही काउंटरवर ठेवतो. सीगलनं कचऱ्याची पिशवी फाडली. शहराची बस आजही वेळेआधीच निघून गेली. बंदरावरच्या संडासाला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. जिल्ह्याच्या साप्ताहिकात आमच्या गावाला अर्धा रकाना मिळतो, तो मी भरते. पगार नाही. मान म्हणाल तर तोही नाही. छापलं की "हे कशाला छापलंस?" आणि नाही छापलं की "आमचंच बरं नाही छापलंस!"

तक्रारींच्या बाबतीत मात्र नेटा फ्लेटचा हात धरणारा कुणी नाही. वय ऐंशीच्या पुढं, पाठ ताठ, डोक्याला रुमाल. आमच्याकडे निम्मं गाव फ्लेट आडनावाचं आणि उरलेलं कावी, त्यामुळं नाती शोधत बसायला कुणाला वेळ नाही; लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणतात. दर शुक्रवारी ती पेपर घ्यायला यायची आणि आठवडाभराचं साठलेलं माझ्यापुढं रितं करायची.

"शीना, या नव्या पाद्रीबाई फार भरभर बोलतात गं. देवाला तरी कळतं का, कोण जाणे."

"त्यांना चार गावांची चर्चं सांभाळायची असतात मावशी."

"मग तीन गावांत बोलावं भरभर. इथं नीट बोलावं."

मी हसायचे, तिला गोळ्या द्यायचे, आणि ती गेली की थोडी चिडायचेसुद्धा, कारण तिच्यामागं रांग दारापर्यंत गेलेली असायची.

मावशीचं घर कोळ्यांच्या जुन्या ओळीतलं. दीड खोली, अंगण नाही, दाराबाहेर रस्ता आणि रस्त्यापलीकडं वलणीचा माळ. म्हणजे समुद्रालगतचा गवताचा पट्टा, त्यात रोवलेले लोखंडी खांब आणि खांबांना बांधलेल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. एके काळी प्रत्येक घराचा आपला खांब ठरलेला होता आणि कुणी दुसऱ्याच्या खांबाला हात लावला तर वर्षभर बोलणं बंद. मग घरोघरी कपडे वाळवायची यंत्रं आली आणि माळ ओस पडला. मावशी तेवढी राहिली. सोमवारी दुकान उघडताना मी आधी माळाकडं बघते. तिच्या चादरी वाऱ्यावर फडफडताना दिसल्या की मावशी उठली, बरी आहे, आठवडा सुरू झाला.

आता त्या कॅम्परव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरंच. उन्हाळा आला की या गाड्या येतात, समुद्रापुढं आडव्या लागतात आणि आतली माणसं पायजम्यात चहा पीत आपल्याकडं बघत बसतात. गावानं वर्षानुवर्षं बोंब मारली की यांना एक ठरावीक जागा द्या. काउन्सिलनं अखेर ऐकलं. जागा ठरवली: वलणीचा माळ, "सध्या वापरात नसल्याने". आम्ही मागितलं ते मिळालं होतं, आणि ते मावशीच्या दारात येऊन उभं राहणार होतं.

त्या शुक्रवारी मावशी काय काय बोलेल म्हणून मी कोरा कागद काढूनच ठेवला होता. ती आली. पेपर घेतला.

"काय मग मावशी? काय म्हणता?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

पुढच्या शुक्रवारीही तेच. सगळं ठीक आहे. बस ठीक, सीगल ठीक, पाद्रीबाईसुद्धा ठीक. मी रांगेतल्या लोकांना थांबवलं आणि विचारलं, "मावशी, झालंय काय?"

"आयलीन म्हणते, पर्थला ये." आयलीन तिची मुलगी. "तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट आहेत म्हणे. लिफ्ट आहे. कपडे वाळवायचं यंत्र तळघरात."

"मग?"

"मग काय! माळ गेला तर ओली चादर घेऊन उभी कुठं राहू? घरात दोरी बांधली की भिंतीला ओल येते, ओल आली की माझी छाती भरते. माळ गेला की मी जाणार. सांगितलंय तिला." एवढं बोलून तिनं गोळ्या न घेताच दार ओढून घेतलं.

पर्थ वाईट नाही. पण आमच्याच देशातलं हे शहर किनाऱ्यापासून आत आहे, तिथं समुद्र नाही, आणि मावशीला समुद्राशिवाय कधी कुणी पाहिलेलं नाही. ज्याला गाव सोडायचंय तो बस वेळेआधी निघून गेली तरी कशाला बोलेल? तिची ती शांतता मला सहन होईना.

मी डगी कावीला गाठलं. डगी पूर्वी बोटीचा कप्तान होता, आता गावच्या समितीचा अध्यक्ष आहे आणि दोन्ही कामं एकाच आवाजात करतो. त्याच्याकडं बातमी होती. काउन्सिलचे मिस्टर पिरी शनिवार-रविवारी किती गाड्या येतात ते बघायला रविवारी सकाळी येणार होते. तेव्हाच माळ कुणी वापरतं का, तेही बघून घेणार होते.

"मग त्यांना वापर दाखवू," डगी म्हणाला. "सगळ्या गावानं कपडे टांगायचे. आणि ओले हं! कोरडे कपडे वाऱ्यावर कसे उडतात ते बघणाऱ्याला लगेच कळतं."

"तो ऑफिसातला माणूस आहे डगी. त्याला काय कळतंय?"

"तरीपण. खोटं करायचं तर नीट करावं."

"पण रविवारी?" मी म्हटलं.

डगीनं कानामागं खाजवलं. आमच्याकडं रविवारी कपडे वाळत घालत नाहीत. देव मानणारे घालत नाहीत आणि न मानणारेही घालत नाहीत. "नेटाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "ती चर्चमध्ये असेल. बाहेर येईपर्यंत पिरीसाहेब बघून गेलेले असतील."

शनिवारी संध्याकाळी घरोघरी धुणं निघालं. रविवारी चर्चची घंटा थांबली तसे आम्ही टोपल्या घेऊन चोरासारखे माळावर आलो. चादरी, टॉवेल, शाळेचे सदरे, डगीच्या लांब लोकरी चड्ड्या. कित्येक वर्षांनी माळ असा भरला होता. खरं सांगते, दिसत फार छान होतं. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "आपण हे बंद का केलं?"

पिरीसाहेबांचा पत्ता नव्हता. त्यांची मुलं वाटेत आइस्क्रीमला थांबली होती, ते नंतर कळलं. आणि चर्चचं दार उघडलं.

मावशी ठेवणीतला कोट आणि हॅट घालून रस्ता ओलांडून आली. माळाकडं बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण गेलं?" तिनं मला विचारलं. रविवारी माळ भरलेला म्हणजे गावावर काहीतरी कोसळलंच असणार, असं तिला वाटलं.

"कुणी नाही मावशी."

"मग हे काय मांडलंय?"

डगी पुढं झाला. "नेटा, फक्त अर्धा तास. काउन्सिलचा माणूस येतोय. माळ वाचवायचाय ना तुझा?"

"डगी कावी, तुझ्या आईनं हे बघितलं असतं तर कान उपटून तुझ्या हातात दिला असता." तिनं हातमोजे काढून खिशात घातले आणि पहिल्या दोरीवरचा चिमटा काढला. मग दुसरा. माझ्या उशांचे अभ्रे झटकून तिनं त्यांची घडी घातली. मग एक पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल हातात धरून विचारलं, "हा कुणाचा?"

"पाद्रीबाईंचा," मी म्हटलं. "त्यांनी कालच डगीकडं देऊन ठेवला होता."

मावशीनं चर्चच्या फाटकाकडं पाहिलं. पाद्रीबाई लगबगीनं गाडीत बसत होत्या. "म्हणून आटपलं होय आज इतक्या भरभर!"

दोघंतिघं हसले. ती हसली नाही.

"माझ्या बापाची बोट परत आली नाही तो रविवार होता," ती म्हणाली. "आईनं शनिवारी त्याचे सदरे धुतले होते. ते टबातच राहिले, पिळलेले. शेजारणी म्हणाल्या, दे, आम्ही टांगतो. आई म्हणाली, उद्या. तिनं त्या दिवशी टांगले नाहीत आणि तुम्ही सरकारी माणसाला दाखवायला टांगता?"

आम्ही चांगली पोक्त, नातवंडं असलेली माणसं, पण मुकाट्यानं आपापले चिमटे काढायला लागलो. निम्म्याहून जास्त दोऱ्या रिकाम्या झाल्या तेव्हा पिरीसाहेबांची गाडी येऊन थांबली. तरुण माणूस, शर्टावर आइस्क्रीमचा डाग. मावशीच्या हातात चादरींचा ढीग बघून त्यानं अदबीनं विचारलं, "हे सगळं तुमचं का, मिसेस...?"

"फ्लेट. यातला रुमालसुद्धा माझा नाही. तुला दाखवायला टांगलं होतं यांनी."

डगीनं डोळे मिटून घेतले.

"बरं. मग एरवी इथं कपडे कोण वाळत घालतं?"

"मी. सोमवारी."

"आणखी कुणी?"

"आणखी कुणी नाही." तिनं मान खाली घातली नाही. "आणि तू रे पोरा? रविवारचं काम करतोस? बायकामुलांना गाडीत बसवून? माळ बघायचाच असेल तर सोमवारी ये. आज बंद असतो." तिनं चादरी माझ्या हातात दिल्या, रस्ता ओलांडला आणि दार लावून घेतलं.

आम्ही ओले कपडे घेऊन घरी गेलो. मला रडू येत होतं, आणि मावशीचा रागही येत होता. एक शब्द कमी बोलली असती तर काय बिघडलं असतं? आता ती पर्थच्या तळघरात यंत्रापुढं बसणार, आणि तिथल्या दुकानदाराला तिच्याशी बोलायला वेळ असेल की नाही, देव जाणे. घरात ड्रायर होता. त्यात ते अभ्रे टाकायला माझा हात गेला नाही. टोपली तशीच दाराशी ठेवली.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी टोपली उचलून माळावर गेले. कुणाशी काही ठरवलं नव्हतं. डगी आधीच तिथं होता, तोंडात चिमटे धरून चड्ड्या टांगत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. मग एकेक जण आला. मधला खांब मात्र सगळ्यांनी मोकळा ठेवला.

मावशी आपली टोपली घेऊन बाहेर आली. क्षणभर थांबली. मग आपल्या खांबाशी जाऊन तिनं चादर झटकली, आणि माझ्या दोरीला काठीचा टेकू देत म्हणाली, "खाली लोंबतंय. गवताला लागेल." बस, एवढंच.

दुपारी पिरीसाहेब खरोखरच आले. भरलेल्या माळाकडं बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"मिसेस फ्लेट, हेसुद्धा माझ्यासाठीच का?"

"छे! कालचेच आहेत. तुझ्यापायी ओले राहिले. वाळायला नकोत?"

तेवढ्यात वाऱ्यानं डगीची चड्डी त्यांच्या तोंडावर आणली. ते हसायला लागले, आणि त्यांना हसताना बघून आम्हीही. महिन्याभरानं काउन्सिलचं उत्तर आलं. कॅम्परव्हॅन बर्फाच्या जुन्या कारखान्यामागच्या मैदानात लागणार आणि माळ "सोमवारी नियमित वापरात" असल्याने तसाच राहणार. डगी त्याचं श्रेय अजून घेतो. घेऊ दे.

त्यानंतरच्या सोमवारीही लोक आले, आणि त्याच्या पुढच्याही. कुणी म्हणतं विजेची बचत होते, कुणी म्हणतं चादरीला वाऱ्याचा वास लागतो. मावशीचं नाव कुणी घेत नाही. दुकानातल्या निम्म्या तक्रारी आता माळावरच होतात, त्यामुळं माझी रांगही लहान झाली. पण शुक्रवारी मावशी यायची, पेपर घ्यायची आणि म्हणायची, सगळं ठीक आहे. ते ऐकलं की मी दिवसभर बेचैन असायचे. आयलीनच्या घराजवळचा तो फ्लॅट अजून रिकामाच होता.

मग परवाच्या शुक्रवारी दार धाडकन उघडलं.

"शीना! कागद घे!"

"काय झालं मावशी?"

"काय झालं? सोमवारी मला जरा उशीर झाला, आणि जाऊन बघते तर माझ्या खांबाला डगीच्या चड्ड्या! माझ्या आईचा खांब! टोपली घेऊन माळभर फिरले, बोटभर दोरी रिकामी नाही. एवढी गर्दी! ही काय पद्धत झाली?"

मी पेन शोधत विचारलं, "मावशी, आयलीनकडं कधी जाताय मग?"

"पर्थला?" ती माझ्यावरच उखडली. "एक सोमवार चुकला तर खांब गेला माझा! कळवलंय तिला, जमायचं नाही म्हणून. तू लिहितेस की नाही?"

मागं रांग दारापर्यंत गेली होती. मी कागद घेतला, लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं: "पोर्टार्डी: वलणीच्या माळावर सोमवारी जागा मिळत नसल्याची एका ज्येष्ठ रहिवाशाची तक्रार आहे."

"ज्येष्ठ काय?" मावशी म्हणाली. "नाव घाल."

नाव घातलं.