बिस्ट्रो सुमनमधली पंगत

निघोज्यात कंपनीच्या गेटसमोर बिस्ट्रो काढायचं खूळ दिव्याचं. मालोजीआबांची ही सून कंपनीच्या ट्रेनिंगला तीन महिने फ्रान्सला जाऊन आली होती. तिकडच्या बिस्ट्रोत, म्हणजे छोट्या खाणावळीत, इवल्याशा टेबलांवर माणसं एका कॉफीवर अख्खी दुपार काढतात, मालकाशी गप्पा हाणतात, कोणी उठवत नाही, हे पाहून ती पार येडावली. परत आली, नोकरी सोडली, घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलं मांडली, फळ्यावर खडूनं पदार्थ लिहिले आणि सासूच्या नावाची पाटी लावली, ‘बिस्ट्रो सुमन’.

सुमनताई गेल्यापासून आबांना घरात एकट्यानं घास गिळवत नव्हता. चार माणसं जेवत असली की मात्र त्यांनाही जेवण जायचं. म्हणून ते रोज दुपारी शेडमध्येच बसायचे. पण माणसं टिकतील तर ना! कंपनीची पोरं जेवणाच्या सुट्टीत यायची, कॅन्टीनच्या सवयीनं भराभर गिळायची, स्वतःची ताटली स्वतःच मोरीत ठेवायची आणि पळायची. आबांचा पहिला घास तोंडात जाईतो शेड रिकामी.

“अरे, बसा की निवांत,” दिव्या म्हणायची.

“वहिनी, निवांत बसायला साहेबाला सांगा,” म्हणत सुजित हात पुसायचा. हा परभणीकडचा, आणि सगळ्यात आधी उठणारा.

एक दिवस आबाच उभे राहिले. “ऐका रं. आमच्यात पंगत मोडत न्हाईत. शेवटच्याचं होईस्तवर कुनी उठायचं न्हाई.”

पोरं गावाकडचीच. पंगत मोडायची कुणाची हिंमत नाही. सगळी गुपचूप बसली. दिव्या तर हरखलीच. शेड पहिल्यांदा बिस्ट्रोसारखी दिसत होती.

पण शेवटचा माणूस म्हणजे खुद्द आबा, हे पोरांच्या उशिरा लक्षात आलं.

आबांपुढे कांद्याचं सूप. ते अर्धा चमचा भरायचे, त्याच्याकडे बघायचे, फुंकर मारायचे, मग चमचा खाली ठेवून बैलाची गोष्ट सांगायचे.

“आबा, सूप थंड झालं की हो,” सुजित म्हणाला.

“व्हय.”

“मग फुंकताव कशाला?”

“सवय हाय.”

“बैलाचं काय झालं मग?”

“सांगतो. घाई हाय का तुला?”

तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला. पोरं खुर्चीच्या कडेवर आली, पण उठेना कोणी. आबांनी अजून अर्धा चमचा भरला. ही पोरं उठली की पुन्हा आपण आणि रिकाम्या खुर्च्या, हे त्यांना ठाऊक होतं.

“आबा, मी संपवू का?” सुजितनं हात जोडले.

“माझं उष्टं खातूस?”

“आजोबाचं खाल्लंय की.” त्यानं वाटी उचलली, तोंडाला लावून गटागटा संपवली, आणि पंगत उठली ती थेट गेटातच.

“आबा, उद्या कोणी फिरकायचं नाही बघा,” दिव्या कपाळाला हात लावून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खरंच कोणी आलं नाही. आबांनी सुपाला हातही लावला नाही. गेटाकडे बघत बसून राहिले. आपणच हाकललं पोरांना, असं त्यांना वाटत होतं.

शिफ्ट सुटल्यावर मात्र सगळी टोळी शेडमध्ये घुसली. सुजितनं आबांच्या टेबलाला दुसरं टेबल जोडलं आणि ऐसपैस बसला.

“दुपारी डबे खाल्ले, आबा. आता ड्युटी संपली. खावा किती हळू खायचं ते. बैलाचंही होऊन जाऊ द्या.”

दिव्यानं सगळ्यांना वाढलं. आबा दुपारपासून उपाशी. पोरांचा पहिला चमचा वर येईतो त्यांनी वाटी रिकामी केली, पावही संपवला.

“अहो आबा! आता आमच्यासाठी थांबा की!”

“थांबतो की,” आबा तोंड पुसत म्हणाले. “दिव्या, तवर आजून एक वाटी आन.”