जीभ बांधलेली घंटा

मी एक जुनी घंटा आहे आणि, मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी मोठी भित्री भागूबाई आहे. घंटा म्हटलं की तुम्हाला देवळातली ऐटबाज घंटा आठवेल. माझं तसं नाही. कोणीतरी बुडेल, या भीतीपोटीच माझा जन्म झाला.

वेल्सच्या किनाऱ्यावर अबेरगारन नावाचं चिमुकलं गाव आहे. इथल्या बायका ओहोटीला गाढवं घेऊन दूरवर वाळूत जात आणि शिंपल्या वेचत. एकदा त्या धुक्यात वाट चुकल्या आणि भरतीने त्यातल्या काहींना नेलं. मग गावाने ब्रिस्टलच्या ओताऱ्यांकडून मला ओतून घेतलं, अंगावर वेल्श भाषेत ‘घरी या’ अशी अक्षरं उठवली आणि धक्क्यावरच्या खांबाला टांगलं. पाणी फिरलं की मी जीव खाऊन ओरडायची. परतलेल्या बायका ओल्या हाताने मला थाप मारून जात. तेवढं कौतुक मला पुरे होतं.

पुढे शिंपल्यांचा धंदा बसला. समुद्रकाठची घरं सुट्टीला येणाऱ्या लोकांनी घेतली. वाऱ्याने मी वाजले की त्यांची झोप मोडायची. एका सकाळी कौन्सिलचा माणूस आला. त्याने माझा दोर काढला आणि आतला लोळा, म्हणजे आम्हा घंटांची जीभ, रबरात गुंडाळून तारेने करकचून बांधला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

अशीच मुकी लटकत असताना, ऐंशीच्या दशकात, डॉक्टर शशिधर गावच्या दवाखान्यात आले. सोबत पत्नी सुलक्षणाबाई आणि याच देशात जन्मलेली छोटी मंजिरी. सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी हे तिघे गणपती घेऊन धक्क्यावर आले. ओहोटी होती. पाणी पार क्षितिजाला टेकलं होतं.

“अहो, किती लांब गेलंय पाणी! इथल्याच डबक्यात सोडू या का?” सुलक्षणाबाई म्हणाल्या.

“डबक्यात? बाप्पाला? गुडघाभर पाणी लागलं की सोडतो आणि येतो. तू डाळ सांभाळ, ते सीगल्स टपलेत बघ.”

वाटल्या डाळीचा डबा घेऊन सुलक्षणाबाई माझ्या खांबाशी बसल्या. बापलेक ‘मोरया’ म्हणत निघाले.

डॉक्टर पुण्याचे. नदीचं पाणी एकीकडून येतं आणि दुसरीकडे जातं, तेवढंच त्यांना ठाऊक. इथला समुद्र वाळूतल्या घळींमधून गुपचूप मागून येतो. त्यात अनंत चतुर्दशी, म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस, उधाणाचा. पाणी जितकं लांब जाणार, तितक्याच त्वेषाने परतणार. पंचांगात विसर्जनाचा मुहूर्त पाहिला होता, भरतीची वेळ कोणी पाहिलीच नव्हती.

बघता बघता दोघं ठिपक्याएवढी झाली. मग धुकं आलं आणि ठिपकेही पुसले गेले. जवळच्या घळीत पाणी खळखळू लागलं.

“अहो! मंजू!” सुलक्षणाबाई हाका मारत सुटल्या. धुक्यात हाक विरून जायची. घसा बसला, तरी त्या थांबेनात. आणि मी? ज्या कामासाठी जन्मले, ते समोर उभं होतं आणि माझी जीभ बांधलेली. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

त्यांनी वर पाहिलं, दोर शोधला, लोळा हिसडून पाहिला. तार सुटेना. तेव्हा त्यांनी एक धोंडा उचलला आणि माझ्यावर घातला. मी किंचाळले! त्या मारत राहिल्या. हात आपोआप आरतीच्या ठेक्यावर आला. त्या रडत होत्या आणि ठेका धरून मला बडवत होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यातून डॉक्टर आले, छातीपर्यंत भिजलेले, मंजिरी खांद्यावर.

“मी उलटाच चाललो होतो गं,” ते धापा टाकत म्हणाले. “आवाज आला, म्हटलं संडे आहे, चर्चची बेल असेल.”

“मी सांगितला बाबांना,” मंजिरीचे दात वाजत होते. “चर्चवाले असं नाही वाजवत. हा आपला आरती आहे. आई बोलावते.”

सुलक्षणाबाईंनी लेकीला पोटाशी धरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पकड आणून माझी तार तोडली आणि नवा दोर बांधला. त्या माराने माझ्या कडेला चीर गेली होती, आवाज कायमचा चिरका झाला. मला त्याचं वाईट वाटत नाही.

पुढे नव्वदच्या दशकात कौन्सिलला माझा पुळका आला. मला घासूनपुसून काचेच्या पेटीत ठेवायचं ठरत होतं. म्हणजे पुन्हा मुकंच करायचं! इथेच धक्क्यावर गावची सभा भरली. मंजिरी तेव्हा ब्रिस्टलला इंजिनिअर झाली होती. ती मुद्दाम आली, सगळं ऐकून घेतलं आणि उठून एवढंच म्हणाली, “ठेवा काचेत. फक्त सांगा, पुढच्या वेळी कोणाच्या आईने धोंडा कशावर मारायचा?”

काचेची पेटी काही आली नाही. मी अजून खांबावरच आहे.

मित्रांनो, धुकं उतरलं की मी आजही थरथरते. जुन्या वस्तू तुम्ही पुसा, नाहीतर धूळ खात ठेवा, आमची तक्रार नाही. फक्त आमची जीभ बांधू नका. वाळूत कोणाचं तरी लेकरू असतं.