बायकांना मनाई असलेला अंगारा

फुलंब्रीच्या बाजारतळावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. निर्धूर महाराज बिडी सोडवत होते. लोक बिडी सोडायला आले होते आणि नंबर लागेपर्यंत मंडपामागं जाऊन तीच ओढत होते.

"बिडी तू ओढतोस का?" महाराजांनी माइकवरून, नंबर लागलेल्या कारभारीला विचारलं.

"व्हय महाराज."

"नाही. तुझ्या छातीत धूम्रासुर बसलाय, तो ओढतो. तू बिचारा काडी लावतोस. तो तोंडावाटे शिरतो, तेव्हा त्याला दारातच अडवायचा. तलफ आली की हा अंगारा हिरड्यांना चोळ. आणि बाईमाणसाचा हात लागू देऊ नकोस. तेज जातं."

कारभारीला असुराशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला पायाची धास्ती होती. डाव्या अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "तंबाखूनं पायाच्या रक्तवाहिन्या बुजत चालल्यात. ती सुटली तर पाय वाचेल." त्यांनी गोळ्या दिल्या आणि बिडी सोडणाऱ्यांच्या बैठकीला दर आठवड्याला बोलावलं. पण चारचौघांत बसून गप्पा मारल्यानं बिडी सुटते, हे कारभारीला पटेना. असुर मात्र लगेच पटला. त्यात स्वतःला काही करावं लागत नव्हतं.

आणि खरोखर बिडी सुटली. तलफ आली की अंगारा चोळायचा, की जीव निवांत. चिकलठाण्याच्या कारखान्यात कारभारीनं महाराजांचं एवढं कौतुक केलं, की अर्धी पाळी त्यांच्या भजनी लागली.

अंगठा मात्र ऐकेना. काळेपणा पसरला, झोप उडाली. घाबरलेला कारभारी महाराजांकडं धावला.

"असुर पायावाटे बाहेर पडतोय," महाराज म्हणाले. "जाताना खुणा ठेवणारच."

एवढी सोपी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, याचं कारभारीला नवल वाटलं.

मग एका सकाळी कारभारीच्या बायकोनं, दगडाबाईनं, नवऱ्याचा सदरा भिजवला आणि खिशातली अंगाऱ्याची पुडी भिजली. आधी कापराचा वास आला. पाठोपाठ दुसरा आला, तो तिच्या रोजच्या ओळखीचा. तव्यावर तंबाखू भाजून मिसरी करण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं बोटभर घेऊन दाताला लावली.

"अवं, तुमचा असुर माझ्या डबीतबी हाय की."

"हात लावलास?" कारभारी ओरडला.

"लावला. म्हून तर कळलं. ही मिसरी हाय. कापूर घातलेली."

पुढच्या बाजारी दोघं मंडपात गेली. दगडाबाईनं नवऱ्याच्या हातातली ताजी पुडी घेऊन थेट बायकांत फिरवली. त्यांतल्या कस्तुराबाईनं दात घासले, थुंकली आणि म्हणाली, "जरा करपलीया. पर मिसरीच."

बायका हसू लागल्या. महाराज कडाडले, "हात लागला, तेज गेलं."

"तेज गेलं ते खरं," दगडाबाई म्हणाली. "पर तंबाखू कुठून आली?"

यावर महाराजांकडं मंत्र नव्हता. जीप होती, ती कामी आली.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि अंगाराही पाहिला. "धूर गेला, पण तंबाखू हिरड्यांतून रक्तात उतरतच होती. म्हणून तलफ भागली. आणि म्हणूनच पाय बिघडला."

अंगठा काढावा लागला. कारभारी लेकरासारखा रडला.

पाय वाचला तो नंतर, ज्या गप्पांना तो हसला होता त्या बैठकीत. तिथं कुणी तलफेच्या वेळी चणे खात होतं, कुणी चकरा मारत होतं, कुणी पुन्हा ओढली म्हणून मान खाली घालून येत होतं आणि बाकीचे त्याला जवळ बसवून घेत होते. पहिल्याच दिवशी दगडाबाईनं मिसरीची डबी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"मीबी सोडते. यान्ला तलफ आल्यावर भांडायला सोबत पायजे."

तलफ अंगाला जडलेली सवय आहे. ती औषधानं, सोबतीनं आणि थोड्या हट्टानं जाते. पण अजूनही कुणी नव्या महाराजाची पुडी घेऊन आला, की कारभारी चार बोटांचा पाय पुढं करतो आणि एवढंच सांगतो, "घरच्या बाईचा हात लागू देऊ नगं म्हनला ना? मग आधी तिलाच दाखव."