शेळगावची भाची

जोतीराम गाडी हातानं चालवतो आणि पेशंट तोंडानं, असं सारजा सिस्टर म्हणायच्या, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. इंदापूरच्या दवाखान्याची अँब्युलन्स घेऊन तो बारामतीला निघाला की मधली काच सरकवून ठेवायचा. मागं सारजा सिस्टर सलाईन धरून बसलेल्या, आणि पुढून जोतीरामची सरबत्ती सुरू. नाव काय? गाव कुठलं? मामाचं गाव कुठलं? थोरली बहीण कुठं दिली? पेशंटला झोपू द्यायचं नाही, बोलतं ठेवायचं, एवढंच त्याला ठाऊक. इंदापूर तालुक्यातली दोन माणसं बोलायला लागली की अर्ध्या वाटेवरचं अंथुर्णं यायच्या आत नातं निघतंच. आणि माणूस कितीही जायबंदी असो, आपल्या मेव्हण्याचं गाव कुणी चुकीचं सांगितलेलं त्याला खपत नाही. डोळे उघडून तो दुरुस्त करतोच. अशी कितीतरी माणसं जोतीरामनं नुसती दुरुस्त्या करायला लावून बारामतीपर्यंत जागी नेली होती.

गेल्या हंगामात हे सगळं थांबलं. उसाच्या ट्रॉलीवर मागून स्कूटर आदळलेली एक पोरगी त्याच्या गाडीतच गेली, आणि तेव्हापासून जोतीरामला स्टिअरिंग धरवेना. किल्ली फिरवायचा, इंजिन सुरू झालं की परत बंद करून खाली उतरायचा. मोठ्या डॉक्टरांनी त्याला केसपेपरच्या खिडकीत बसवला. तिथंही तो गावाचं नाव विचारायचं टाळायचा आणि पेशंटसमोर कागद सरकवून म्हणायचा, "तुमीच लिव्हा."

घरी मात्र उलटं झालं होतं. समोरचं माणूस गप्प बसलं की जोतीरामचा जीव वरखाली व्हायचा. बायको जयवंता दुपारी जेवून जरा आडवी झाली, डोळा लागला, की हा तिचा खांदा हलवायचा.

"जयवंता, तुझ्या मावशीचं गाव कुठलं गं?"

"अवो, लगीन होऊन पोरं कालेजात गेली, आन् आता इचारताय व्हय?"

ती चिडून बोलली की याला बरं वाटायचं. चिडलंय म्हणजे ठीक आहे.

शेवटी सारजा सिस्टरांनीच त्याला धरलं. बारामतीला प्राची मॅडम म्हणून होत्या. डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर, वॉर्डबॉय अशा दवाखान्यातल्याच माणसांशी त्या दर गुरुवारी बोलायच्या. गोळी नाही, सुई नाही, समोरासमोर बसून नुसतं बोलायचं.

"बोलून बरं हुतं आसतं तर आमच्या गावच्या पाराचाच दवाखाना झाला आसता," जोतीराम म्हणाला.

"पारावर तुमी दुसऱ्याचं बोलता," सिस्टर म्हणाल्या. "तितं सोताचं बोलायचं असतंय. मी चार महिनं जातीये. मला गरज हाय, आन् तुमी काय लोखंडाचं हाय का?"

त्या दिवशी गाडीत मागं सिस्टरही होत्या. त्या गुरुवारी जोतीराम बारामतीला निघाला.

प्राची मॅडमची खोली भांड्याच्या दुकानावर होती. पोरगी तिशीतली, चष्म्याची, आवाज मऊ. "सावकाश सांगा, घाई नाही," असं म्हणून ती गप्प बसली. आता तिच्या धंद्यात ती शांतता औषधासारखी असेल, पण जोतीरामला नेमकी तीच सोसत नव्हती. त्यानं थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं, थोडा वेळ खिडकीकडे, आणि मग राहवेना.

"म्याडम, गाव कुठलं?"

"काटेवाडी."

"काटेवाडीत कुणाच्यातलं?"

झालं. पुढचा सगळा वेळ मॅडमच्या खानदानात गेला. तिचे वडील मास्तर, चुलत्याच्या गोठ्यात जर्सी गाई, आत्या भवानीनगरला दिलेली. संध्याकाळी जोतीरामनं मोठ्या समाधानानं घरी सांगितलं, "पोरगी चांगल्या घरातली हाय."

जयवंतानं कपाळावर हात मारला. "तुमाला काय पोरगी बघायला धाडलं व्हतं?"

दुसऱ्या गुरुवारी तो पिशवीभर पेरू घेऊन गेला. पाहुण्याकडे रिकाम्या हातानं जायची रीत नाही. मॅडमनी एक पेरू ठेवून घेतला आणि बाकीचे परत पिशवीत घातले. मग हळूच विचारलं, "आणि तुमची गाडी?"

"गाडीला काय झालंय? हाय उभी," म्हणून त्यानं तिच्या धाकट्या भावाची चौकशी सुरू केली. ती हसली, एका वाक्यात उत्तर दिलं आणि परत गप्प बसली. भारी चिवट पोरगी.

तिसऱ्या खेपेला जोतीरामचे प्रश्न संपत आले होते. मॅडम काही बोलत नव्हती. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "आन् आजोळ कुठलं?"

"शेळगाव," ती म्हणाली. "आई शेळगावची. म्हणजे तुमच्याच गावची की!"

एरवी जोतीरामनं टाळी वाजवली असती. गावची लेक म्हणजे सगळ्या गावाची लेक. तिची पोरं ती सगळ्या गावाची भाचरं. शेळगावातला प्रत्येक बापई माणूस या पोरीचा मामा होता, आणि जोतीरामही होता. आज मात्र तो उठला, पायात चपला अडकवल्या आणि चकार शब्द न बोलता जिना उतरून गेला.

त्यानंतर दोन गुरुवार तो गेला नाही. मोठ्या डॉक्टरांनी एकदा खांद्यावर हात ठेवून विचारलं, "जोतीराम, कारखाने सुरू होतील आता. तुला गाडीवर यायचंय की मी कायमचा दुसरा माणूस मागवू? तू म्हणशील तसं." माणूस चांगला होता, म्हणून तर ते जास्त लागलं. जोतीरामला गाडी हवी होती. आयुष्यात त्याला जीव ओतून करता येणारी तेवढी एकच गोष्ट होती.

त्या दुपारी जयवंताचा डोळा लागला आणि त्यानं पुन्हा तिचा खांदा हलवला. या वेळी ती चिडली नाही. उठून बसली, पदर सारखा केला आणि त्याचा हात हातात घेतला.

"मी मरत न्हाय हो," ती म्हणाली. "मी निस्ती झोपलीये."

जोतीरामनं हात सोडवायला बघितला, तिनं सोडला नाही.

"मला सांगू वाटत न्हाय तर नगा सांगू. त्या पोरीला तरी सांगा. पर सांगा."

पुढच्या गुरुवारी तो बारामतीच्या एसटीत बसला. प्राची मॅडमसमोर खुर्ची ओढली आणि खाकरून, पंचायतीत बोलावं तसं म्हणाला, "म्याडम, मागल्या खेपेला तुमचं आजोळ शेळगाव निघालं, ते मामा-भाचीचं मी मानत न्हाय. तुमी कुणाच्या कोण आन् मी कुणाचा कोण. आपलं काय नातं न्हाय."

"बरं," मॅडम म्हणाली. "का, ते सांगाल?"

"तुमच्या चांगल्यासाठी म्हणतोय."

ती काही बोलली नाही. आणि या वेळी जोतीरामनं काही विचारलं नाही. पंखा फिरत होता, खाली दुकानात कुणीतरी पातेली वाजवून बघत होतं. मग तो बोलायला लागला.

पोरीचं नाव सोनम. इंदापूरला कॉलेजात होती. सिस्टरांनी तिला गाडीत घेतली तेव्हा शुद्धीवर होती, म्हणून यानं नेहमीसारखं सुरू केलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं. निमगाव केतकी मागं पडलं तेव्हा आजोळ विचारलं, तर म्हणाली शेळगाव.

"मी म्हनलं, मग मी तुझा मामाच की! तर हसली. खरंच हसली, सिस्टरला इचारा. मामा म्हनली मला. म्हनलं, आता घाबरू नगं, मामाच्या गाडीत हायेस. शेळगाव आलं तवा म्या सांगितलं, बघ, तुझं आजोळ आलं. तर म्हनली, मामा, आजून किती लांब हाय?"

जोतीराम थांबला. त्याचे हात मांडीवर होते, पण मुठी स्टिअरिंग धरल्यासारख्या वळलेल्या.

"म्या म्हनलं, आलंच. ह्ये काय, आलंच. आन् बारामती कुठं, म्याडम? सगळा रस्ता पडला व्हता अजून. म्या खोटं सांगितलं. आलंच म्हनल्यावर तिनं... तिला वाटलं आसंल, आलं. डोळं मिटलं तिनं."

पुढचं त्याच्यानं बोलवेना. नजर समोरच्या भिंतीच्याही पलीकडे, त्या रस्त्यावर गेली होती. मॅडमनी पाहिलं की माणूस हातातून निसटतोय. ती खुर्चीत पुढं सरकली आणि तीन गुरुवार ऐकलेला प्रश्न तिनं त्यालाच केला.

"जोतीरामभाऊ, गाव कुठलं?"

त्यानं मान उचलली. "आं?"

"गाव कुठलं तुमचं?"

"...शेळगाव."

"आणि बायकोचं माहेर?"

"लासुर्णं."

लासुर्णं त्याच रस्त्यावर, शेळगावच्या पुढं, हे काटेवाडीच्या पोरीला ठाऊक होतं. "लासुर्ण्याला काय झालं?"

"लासुर्ण्याला ती गप झाली," जोतीराम म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून वाहायला लागले. "मी इचारतच राहिलो. भाऊ किती, थोरला का धाकटा, मास्तर कोण व्हतं शाळंला. सणसर गेलं, भवानीनगर गेलं. काटेवाडीत सारजा सिस्टर म्हनल्या, जोतीराम, आता नगा इचारू. तरी मी इचारत व्हतो."

तो रडला. पन्नाशीचा मिशाळ बाप्या माणूस, लहान पोरासारखा नाक ओढत रडला, आणि प्राची मॅडमनी त्याला थांबवलं नाही. पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यानं धरून ठेवला, प्यायला नाही.

"म्हणून मला भाची म्हणायची भीती वाटली?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"डॉक्टर काय म्हणाले होते तिच्याबद्दल?"

"आतून लई रक्त गेलं व्हतं म्हनं. गाडी उडवत न्हेली आसती तरी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "ते समदं डोक्याला कळतंय. पर आलंच म्हनालो ना मी."

"एवढं दुखत असताना ती हसली, तेही तुम्ही सांगितलंत," मॅडम म्हणाली. "अनोळखी गाडीत, शेवटच्या वाटेवर, तिला मामा भेटला. ते खोटं नव्हतं. ते मोडायला निघालात तुम्ही."

बराच वेळ गेला. खालची पातेली कधीच थांबली होती, आणि त्याच्या लक्षात आलं की खोली शांत आहे आणि आपण काही विचारलेलं नाही. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. ग्लासातलं पाणी प्यायला. मग अगदी हळू आवाजात, तिच्याकडे न बघता, त्यानं विचारलं.

"आजून किती लांब हाय?"

प्राची मॅडम पुण्याला शिकलेली, बोलणं पुस्तकातलं. पण आता उत्तर देताना तिच्या तोंडी तिच्या आईची बोली आली.

"लांब हाय, मामा. खोटं न्हाय सांगणार. पर मी जागी हाय. तुमी इचारा."

जोतीरामनं वर पाहिलं. चष्म्याआड दोन उघडे डोळे त्याच्याकडे बघत होते, ओले, पण चांगले टक्क उघडे. त्यानं ग्लास खाली ठेवला, खुर्ची जरा पुढं ओढली आणि घसा साफ केला.

"तुझ्या आईचं घर," तो म्हणाला, "मारुतीच्या देवळाकडं का वढ्याकडच्या आळीला?"

"देवळाकडं."

"देवळाकडं न्हाय गं," जोतीराम म्हणाला. "देवळाकडं समदं पाटलांचं हाय. नीट आठव."

"देवळाकडंच," भाची म्हणाली. "मागं चिंच होती."

"चिंच?" जोतीराम म्हणाला. "व्हय की. हुती चिंच."