वरच्या ओळीतली पानं

मेनांग शिडीच्या सातव्या पायरीवर उभी राहून भोपळा टांगत होती. तेवढ्यात तिची नजर समोरच्या घरावर गेली आणि भोपळा हातातच राहिला.

समोरचं घर फेलिंगचं. लुक्बान गावातली ती गल्ली एवढी अरुंद, की एका घरात मासा तळला तर दुसऱ्या घरात खोकला यायचा. फेलिंगच्या खिडकीवर किपिंगचं झुंबर डुलत होतं. खऱ्या पानांवर तांदळाचं रंगीत पीठ पसरून, वाफवून, अलगद सोलून काढलेली लाल, हिरवी, पिवळी पानं. झुंबर कालही होतं, पण त्याची वरची ओळ काल नव्हती. आज होती, आणि त्या ओळीतल्या प्रत्येक पानाचं टोक डावीकडे वळलेलं होतं.

तसं पान साऱ्या लुक्बानात एकाच झाडाला येतं, असं मेनांगचं ठाम म्हणणं. ते झाड तिच्या परसात होतं. चाळीस वर्षं ती त्याच पानांवर पीठ पसरत आली होती, आणि झाडाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे. मग पानं रस्ता ओलांडून गेली कशी? घरात माणसं दोनच. एक ती स्वतः, दुसरा तिचा नवरा अंबो.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

फेलिंगचं आणि तिचं जुनं होतं. तरुणपणी अंबो दोन वर्षं फेलिंगच्या खिडकीखाली गिटार घेऊन गात उभा राहायचा. फेलिंगच्या बापाने तिला जीपवाल्याला दिली, तेव्हा कुठे अंबोला समोरच्या घरातली मेनांग दिसली. गाव हे कधीच विसरलं होतं. अंबोही विसरला असावा. मेनांगने मात्र ते लोणच्यासारखं मुरवत ठेवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी फेलिंगचा जीपवाला गेला, आणि तेव्हापासून तिचं छप्पर गळलं की अंबो, नळ तुंबला की अंबो. “संत इसिद्रो प्रार्थनेला बसला की त्याचा नांगर देवदूत धरायचे,” मेनांग मासळीबाजारात सांगायची, “आमची फेलिंग नुसती खिडकीत बसते आणि तिचा नांगर माझा नवरा धरतो.” बायका हसायच्या. मेनांगला हसू यायचं नाही.

त्यातून हे वर्ष त्यांच्या गल्लीचं. मिरवणुकीची वाट दरवर्षी बदलते. शेतकऱ्यांच्या या संताची, इसिद्रोची स्वारी पाच वर्षांनी त्यांच्या दारावरून जाणार होती. ज्याने जे पिकवलं ते त्याने दारावर टांगायचं, संताच्या नजरेखालून घालायचं. मेनांगने तीन महिने आधीपासून पीठ वाटलं होतं. आणि आज, पंधरा मेच्या सकाळी, तिच्याच झाडाची पानं समोरच्या दारावर.

ती खाली उतरून परसात गेली. अंबो भाताच्या पेंढ्या बांधत होता.

“पानं कुणी दिली तिला?”

अंबोने सुतळीची गाठ पुरी केली. “मी.”

“का?”

“तिचं झाड वादळात पडलं.”

“मग माझ्याकडे मागायला तिला तोंड नव्हतं?”

“तू दिली असतीस?”

दिली नसती, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे मेनांग आणखीच पेटली. “तू अजून तिच्याच खिडकीखाली उभा आहेस, अंबो,” ती म्हणाली. अंबो म्हणाला, साठी उलटली आपली, काहीतरीच काय बोलतेस. हे काही उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं तिला एवढंच हवं होतं, की हा माणूस आपला आहे की उसना आणलेला आहे, हे एकदा कुणीतरी सांगावं.

दुपारी घंटा वाजल्या आणि इसिद्रो आला, माणसांच्या खांद्यांवर, बैलजोडीसकट. बायकांनी पिकापाण्यासाठी हात जोडले. मेनांगनेही जोडले, पण मनात पिकापाण्याचं नाव नव्हतं. फेलिंगचं झुंबर सगळ्यांदेखत कोसळू दे, असं तिने संताला साफ सांगितलं. झुंबर जागचं हललं नाही. उलट पाद्रीबाबांनी शिंपडलेलं पाणी तिकडेच जास्त उडालं, असं तिला वाटलं. सजावटीचं बक्षीस कोपऱ्यावरच्या दंतवैद्याच्या घराला गेलं. फेलिंगला मिळालं नाही म्हणून मेनांगला घटकाभर बरं वाटलं, आणि सणाच्या दिवशी तसं वाटल्याची लाजही वाटली.

स्वारी पुढे सरकली की दारावरचं सगळं लोकांचं. गर्दी घरांवर तुटून पडते, घरवालेही वरून टाकत राहतात. कुणी कुणाला अडवत नाही. मेनांगचं दार बघता बघता ओकंबोकं झालं. मग पदर खोचावा तसा तिने एप्रन घट्ट बांधला, रस्ता ओलांडला आणि फेलिंगच्या भिंतीला टेकलेल्या शिडीवर चढली. आज हे करायला तिला कुणाची परवानगी नको होती. खालच्या ओळी तिने दोन्ही हातांनी ओरबाडून गर्दीत फेकल्या. कितीतरी पानांचा चुरा झाला, त्याचंही तिला काही वाटलं नाही.

खालून कुणीतरी शिडी धरली.

“कोण आहे वर?” फेलिंगचा आवाज आला.

मेनांगने वाकून पाहिलं. फेलिंग तिच्याकडेच तोंड करून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी साकळलं होतं. नऊ वर्षं मेनांगने तिच्या खिडकीवर पाळत ठेवली होती. डोळे कधी पाहिले नव्हते.

“मी आहे.”

“मेनांग? मग वरची ओळ तूच काढ. तुझ्या झाडाची आहे.” फेलिंगने शिडी आणखी घट्ट धरली. “बाकीची माझ्या भाचीने केली. ही अंबोने. आठवडाभर दुपारी इथे चुलीपाशी बसायचा. वाईट झालीत ना? मला दिसत नाही, पण हाताला कळतं.”

मेनांगने एक पान हातात घेतलं. खरंच वाईट होतं. एका कडेला भाकरीएवढं जाड, दुसरीकडे भोक. देठाशी चपटा ठसा उमटला होता. अंबोचा डावा अंगठा, हातोडीखाली सापडलेला.

“मी म्हटलं त्याला, बायको एवढी कसबी, तिच्याकडे शीक की,” फेलिंग म्हणाली. “तर म्हणाला, ती हात लावू देत नाही. म्हणाला, मरायच्या आत एक सण माझ्याही हाताचा व्हावा.”

लग्नानंतरच्या पहिल्याच मेमध्ये अंबोने पीठ पसरायची पळी उचलली होती. हात लावू नकोस, फाटेल, म्हणून मेनांगने ती काढून घेतली होती. पुढच्या मेमध्येही. मग त्याने पळीकडे बघणंच सोडलं, आणि पुरुषाला यातलं काय कळतं, असं ती लोकांना सांगत राहिली. आज तिला फेलिंगच्या त्या सात दुपारांचा हेवा वाटला, इतका की गिटारीचाही कधी वाटला नव्हता. आणि या वेळी राग काढायला स्वतःशिवाय कुणी नव्हतं.

तिने पानं एकेक करून सोडवली. सतरा होती. एकही फाटू दिलं नाही.

“टाक की खाली,” गर्दीतून कुणी म्हणालं.

“ही नाही.”

एप्रनमध्ये पानं धरून ती खाली उतरली. फेलिंगचे शिडीवरचे हात सोडवून तिने तिला दारातल्या खुर्चीवर बसवलं आणि रस्ता ओलांडला.

संध्याकाळी अंबो चौकातून परतला तेव्हा गल्लीतली सगळी घरं ओरबाडून उघडी पडली होती. फक्त त्याच्या खिडकीवर मेनांग शिडीवर उभी राहून काहीतरी बांधत होती. जाडीभरडी, वेडीवाकडी, डाव्या टोकाची पानं. तो खिडकीखाली येऊन उभा राहिला.

“ती फेलिंगच्या घरची आहेत,” तो म्हणाला.

“होती,” मेनांग म्हणाली आणि सतराव्या पानाला गाठ मारली.